क्ष-किरण काढणाऱ्या हातांची तालीम



"छातीचा फोटो काढून आणा," असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे आपण चिठ्ठी घेऊन क्ष-किरण विभागासमोरच्या बाकावर जाऊन बसतो. दोन मिनिटांत काम उरकते. अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आपण वाचतो. परंतु तो फोटो ज्याने काढला तो कोण, तो काय शिकला, कोठे शिकला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आपल्या संस्थेतून दरवर्षी बारावी विज्ञान होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या दृष्टीने या विद्येचा इतिहास आपणांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

दि. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांना असे दिसले, की काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या विजेच्या नळीतून काही किरण बाहेर पडतात आणि जवळचा रासायनिक पडदा उजळून टाकतात. बीजगणितात अज्ञात संख्येला जसे 'क्ष' म्हणतात, तसे या अज्ञात किरणांना नाव मिळाले. ('अल्जिब्रा' हा शब्द अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या अरबी नावातून युरोपात गेला, हे आपल्या वर्गातील मुलांना मी आवर्जून सांगतो.) त्याच वर्षी 22 डिसेंबरला राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला, त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट उमटली. 1901 साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

पेटंट नसल्यामुळे यंत्रे झपाट्याने पसरली. 1897-98 साली इंग्रजांनी तिराहच्या डोंगरात आफ्रिदी पठाणांवर जी मोहीम काढली, तीत सर्जन-मेजर बीव्हर यांनी असे यंत्र सोबत नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधल्या. यंत्र चालवायला शिकविणारे विद्यालय मात्र कोठेच नव्हते. जो यंत्र विकत घेई तोच उस्ताद! यंत्र बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी लोक स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात अशाने कापावे लागले आणि 1904 साली तो वारला. एलिझाबेथ फ्लाइशमन ही सॅन फ्रान्सिस्कोची बाई. आधी ती हिशेब लिहिण्याचे काम करी. पुढे वीजशास्त्र शिकून तिने क्ष-किरणांची खोली थाटली, आणि तिने काढलेल्या फोटोंचा लष्करी डॉक्टरांनाही उपयोग झाला. तिचाही हात कापावा लागला. 1905 साली ती गेली. हँबुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात 1936 साली अशा बळींचा स्मृतिस्तंभ उभारला गेला. त्यावर प्रारंभी 169 नावे कोरली होती. आज या विषयाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून किरणांपासून बचावाचे नियम घोकावे लागतात, ते या लोकांच्या मरणातून आले आहेत.

पद्धतशीर शिक्षणाची गरज पहिल्या महायुद्धाने दाखवून दिली. मादाम क्यूरी यांनी मोटारींत क्ष-किरण यंत्रे बसवून ती फ्रान्सच्या आघाडीवर नेली. युद्ध सुरू झाले त्या वर्षी त्यांची मुलगी इरेन सतरा वर्षांची झाली, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलींएवढी. तीही आईबरोबर कामाला लागली. 1916 पासून पॅरिसमध्ये सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकविण्यात आले. त्यांना थोडे गणित, थोडे वीजशास्त्र व शरीररचना शिकवीत आणि मग प्रत्यक्ष यंत्रावर उभे करीत. "हे काम मुलींचे नव्हे," असे जे पालक म्हणतात, त्यांनी ही हकीकत लक्षात घ्यावी. हा व्यवसाय शिकविण्याची सुरुवात झाली, तीत स्त्रिया अगदी आरंभापासून आहेत.

आपल्या देशात मद्रासची बर्नार्ड क्ष-किरण संस्था 1934 साली सुरू झाली. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1947 चे. आपला गोंदिया 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि 2016 साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. तोपर्यंत या भागातील मुलाला अशा शिक्षणासाठी नागपूरची गाडी पकडावी लागे. मुलाला पाठवीत; मुलीला पाठविणारे थोडे.

आता कोणी म्हणेल, बटण दाबायला शिकायचे ते काय? साधा छातीचा फोटो घ्या. रोग्याने पाटीला छाती टेकवून उभे राहायचे, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे. कारण खांदे पुढे घेतले नाहीत तर पाठीची फरी फुफ्फुसावर येते. नळी पाटीपासून सहा फुटांवर हवी. जवळ आणली तर हृदय आहे त्यापेक्षा मोठे दिसते. श्वास भरून रोखायला सांगायचे. फोटोवर डावे-उजवे याची खूण करायची. पूर्वी यापुढे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याचेही कसब होते; आता बहुतेक ठिकाणी चित्र संगणकावर येते. परंतु रोग्याला कसे उभे करावे, हे संगणक शिकवीत नाही. क्षयरोगाचा छोटासा डाग खांद्याच्या हाडाआड लपला, तर पुढे डॉक्टर कितीही हुशार असले तरी ते काय करणार?

आणखी एक गोष्ट. गळ्यातील तावीज, पिना, जाड वेणीसुद्धा फोटोत उमटते आणि फुफ्फुसाच्या वरच्या भागावर खोटी सावली पाडते. ती बाजूला करायला सांगावे लागते, कपडे बदलायला सांगावे लागते. तरण्या बाईला "दिवस गेले आहेत का?" हे किरण सोडण्यापूर्वी विचारावेच लागते. आपल्या मायबहिणी परक्या पुरुषासमोर या प्रश्नाला खरे उत्तर देतील का, याचा विचार वाचकांनी करावा. लाजेने खोटे उत्तर गेले तर त्याचा धोका पोटातल्या मुलाला. कितीतरी स्त्रिया केवळ या संकोचापायी खोकला अंगावर काढतात. खोलीत मुलगी असेल तर गोष्ट निराळी. पर्द्याची खरी काळजी असणाऱ्या समाजाने आपल्या मुली या खोलीत आधी पाठवायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

किरणांच्या भीतीचे म्हणाल, तर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. तो ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत जातो आणि अंगावर किती किरण पडले ते मोजले जाते. 1983 साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने त्याची मर्यादा बांधून दिली आहे. शिशाचा ॲप्रन, जाड भिंत आणि अंतर पाळले तर डॅलीची गत कोणाची होत नाही.

बारावीला जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम आहे: तीन वर्षे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता. 2021 सालच्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या शिक्षणासाठी व नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोगही स्थापन झाला. डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून मुलीला घरी बसविणाऱ्या पालकांनी एवढे करावे: थोड्या महिन्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या, रस्तोरस्ती पाट्या लावलेल्या 'इन्स्टिट्यूट'ची फी भरण्यापूर्वी तिला विद्यापीठाची अथवा शासनाची मान्यता आहे का, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकविले जाते, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत, उत्तर तोंडी मिळाले तर पैसे देऊ नयेत.