गुस्मान, होआकिन ('एल चापो') : बालपण व जडणघडण

(४ एप्रिल १९५७, काही नोंदींनुसार १९५४). मेक्सिकोतील कुख्यात अमली पदार्थ तस्कर व सिनालोआ टोळीचा एके काळचा म्होरक्या. पूर्ण नाव होआकिन आर्चिवाल्दो गुस्मान लोएरा. जन्म सिनालोआ राज्यातील बादिरागुआतो तालुक्यात, सिएरा माद्रे डोंगररांगांमधील ला तुना या खेड्यात. ठेंगण्या, दणकट बांध्यामुळे त्याला 'चापो', म्हणजे बुटका, हे नाव पडले.

घरची गरिबी होती. आई पाव भाजत असे आणि तो विकायला लहानगा होआकिन दारोदार फिरे. संत्री, शीतपेये, गोळ्याही विकी. शिक्षण प्राथमिक शाळेतच सुटले. वडील वरकरणी गुरे पाळत, पण अफूही पिकवत, आणि मुलाला मारझोड करत. त्या डोंगरात अफू हेच रोख पैशाचे पीक होते. हिरव्या बोंडांना चिरा द्यायच्या, पाझरलेला चीक वाळून काळपट झाला की खरवडून घ्यायचा, हे काम तिथली मुले घरातच शिकत. सुमारे पंधराव्या वर्षी तो स्वतः गांजा आणि अफू लावू लागला. त्या भागात दुसरा रोजगारच नव्हता, असे त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले. त्यात तथ्य आहे. पण त्याच दारिद्र्यात वाढलेले असंख्य लोक खुनाच्या वाटेला गेले नाहीत, हे विसरता येत नाही.

पुढे तो ग्वादालाहारा या अमली पदार्थ तस्करांच्या टोळीत शिरला आणि नंतर सिनालोआ टोळीचा म्होरक्या झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली.