लाय डिटेक्टर खोटे ओळखतो का? एका यंत्राचा इतिहास आणि नेहमीचे प्रश्न

काही दिवसांपूर्वी रक्तदाबाच्या तपासणीसाठी नेहमी येणारे एक पेशंट फार अस्वस्थ दिसले. ते एका दुकानात रोखपाल आहेत. गल्ल्यात तूट आली होती आणि "सगळ्यांची लाय डिटेक्टर टेस्ट करून घेऊ" असे मालक रागात बोलून गेले होते. त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, मी पैसे घेतलेले नाहीत. पण तुमच्यासमोर नुसता बसलो तरी माझं बीपी वाढतं. त्या यंत्रासमोर माझं काय होईल?"

त्यांची भीती अनाठायी नाही. का, ते समजायला या यंत्राचा इतिहास माहीत हवा. आज तोच सांगतो, आणि टीव्हीवर एखादे प्रकरण गाजू लागले की लोक जे प्रश्न विचारतात, तेही सोबत घेतो.

यंत्र नव्हते तेव्हा खोटे कसे ओळखत?

खोटे बोलणारा शरीरावरून ओळखता येईल ही कल्पना फार जुनी आहे. आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तुला, अग्नी, पाणी, विष अशी अनेक 'दिव्ये' सांगितली आहेत. त्यातले एक तांदळाचे दिव्य. चोरीचा संशय असलेल्या माणसाने तांदूळ चावायचे आणि पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसले, अंग थरथरू लागले, तर तो दोषी. मराठेशाहीतल्या तंट्यांत 'रवा-दिव्य' होते. त्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि नंतर हात किती भाजला ते पाहून निवाडा व्हायचा. अवघड कामाला आपण आजही 'दिव्य' म्हणतो.

तांदळाच्या दिव्यामागे थोडे शरीरशास्त्रही आहे. भीती वाटली की लाळ कमी होते, म्हणूनच आपण 'तोंडाला कोरड पडली' म्हणतो. कोरड्या तोंडाने कच्चे तांदूळ चावले की हिरड्या खरचटतात. पण कोरड पडते ती भीतीने, आणि चार लोकांसमोर उभा केलेला निरपराध माणूसही घाबरतोच. शिवाय ज्याच्या हिरड्या आधीच सुजलेल्या आहेत, त्याच्या थुंकीत रक्त यायला चोरी करावी लागत नाही! लाय डिटेक्टरचा सगळा वाद या एका उदाहरणात आला आहे.

प्राचीन ग्रीकांमध्ये एरासिस्ट्रेटस नावाच्या वैद्याची गोष्ट सांगतात. राजपुत्र अँटिओकस आजारी पडला होता आणि रोग कळत नव्हता. वैद्य त्याची नाडी धरून बसला. राजपुत्राची तरुण सावत्र आई स्ट्रॅटोनिके खोलीत आली की नाडी जोरात धावायची, चेहरा लाल व्हायचा, घाम फुटायचा. वैद्याने ओळखले की हा प्रेमरोग आहे. प्लुटार्कने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. यात एक बारकावा आहे. वैद्याला नाडीवरून भावनेची खळबळ कळली. ती कशामुळे झाली हे मात्र त्याला दारातून कोण आत आले, ते पाहूनच कळले.

डॉक्टरांचे यंत्र पोलिसांकडे कसे गेले?

लाय डिटेक्टरचे खरे नाव 'पॉलिग्राफ', म्हणजे एकाच वेळी अनेक रेघा काढणारे यंत्र. हे नाव वैद्यकातून आले आहे. इंग्लंडमधल्या बर्नली गावात प्रॅक्टिस करणारे डॉ. जेम्स मॅकेन्झी यांनी मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची स्पंदने एकाच कागदावर उमटवणारे यंत्र तयार केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका घड्याळजीच्या मदतीने त्याची शाईने लिहिणारी आवृत्तीही निघाली. हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्याचा पाया अशा कागदांवर घातला गेला. तेव्हा त्या यंत्राचा आणि गुन्ह्यांचा काही संबंध नव्हता.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली. पुढे अमेरिकेत हार्वर्डमध्ये विल्यम मार्स्टन या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने असे मांडले की खोटे बोलताना वरचा रक्तदाब वाढतो. १९२३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या फ्राय नावाच्या आरोपीच्या खून खटल्यात त्याची चाचणी वरच्या न्यायालयापर्यंत गेली. त्या शाखेतल्या जाणकारांनी पद्धत सर्वसाधारणपणे मान्य केलेली नाही, म्हणून पुरावा नाही, असा निकाल लागला. याच मार्स्टनने पुढे 'वंडर वुमन' ही कॉमिक्समधली नायिका निर्माण केली. तिच्या हातातल्या दोराने बांधले की माणूस खरेच बोलतो!

१९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या पोलीस खात्यात जॉन लार्सन हा शरीरक्रियाशास्त्राचा पदवीधर नोकरीला होता. रक्तदाब आणि श्वास सतत नोंदवणारे यंत्र त्याने संशयितांवर वापरले. त्याचा सहकारी लिओनार्ड कीलर याने त्यात त्वचेच्या घामाचे मोजमाप जोडले, यंत्र पेटीत मावेल असे केले आणि विकले. लार्सन पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला. आपल्या यंत्राचा धंदा कसा चालला आहे हे पाहून तो शेवटपर्यंत नाराज राहिला.

यंत्र नेमके काय मोजते?

आजही तेच मोजते. छाती आणि पोटाभोवती श्वासासाठी पट्टे, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम मोजणारे सेन्सर. पूर्वी शाईच्या रेघा होत्या, आता त्या संगणकावर दिसतात, एवढाच फरक.

भीती, राग, लाज, अपमान, यातले काहीही वाटले तरी आपली सिंपथेटिक मज्जासंस्था जागी होते. ॲड्रिनॅलिन वाढते, नाडी जलद होते, तळहाताला घाम येतो, श्वास बदलतो. खोटे बोलण्याचे असे वेगळे लक्षण शरीरात नाही. 'मी खरे बोलतोय, पण यांचा विश्वास बसेल ना?' या काळजीनेही त्याच रेघा वर जातात.

दवाखान्यात आम्ही हे रोज पाहतो. घरी १२५ असणारा वरचा रक्तदाब डॉक्टरांसमोर १५० होतो. याला 'व्हाइट कोट हायपरटेन्शन' म्हणतात. अशा वेळी पेशंट खोटे बोलतोय असे आम्ही म्हणत नाही, घरी मोजून आणायला सांगतो.

चाचणी कशी घेतात?

सर्वांत प्रचलित पद्धतीत प्रश्नांची तुलना करतात. एक प्रश्न गुन्ह्याबद्दल : "गल्ल्यातले पैसे तुम्ही घेतले का?" दुसरा मुद्दाम मोघम : "आजवर कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे का?" गृहीत असे की निरपराध माणूस दुसऱ्या प्रश्नाला जास्त चुळबुळेल आणि गुन्हेगार पहिल्याला.

आता स्वतःला त्या खुर्चीत बसवून पाहा. नोकरी, अब्रू, कदाचित तुरुंग, सगळे पहिल्या प्रश्नावर अवलंबून आहे. पैसे घेतले नसले तरी तुमची छाती कोणत्या प्रश्नाला धडधडेल? ही पद्धत नेमकी इथेच लंगडी पडते.

मग निकालावर किती विश्वास ठेवावा?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९७८ मध्ये फ्लॉइड फे या तरुणावर खुनाचा आरोप आला. चाचणीत पास झालास तर खटला मागे घेऊ, नापास झालास तर निकाल पुरावा म्हणून वापरू, असा करार झाला. आपण निरपराध आहोत याची त्याला खात्री होती, म्हणून तो तयार झाला आणि नापास झाला. त्याला जन्मठेप झाली. खरे गुन्हेगार सापडल्यावर १९८० मध्ये तो सुटला. तुरुंगात असताना त्याने या चाचणीचा अभ्यास केला आणि आपण दोषी आहोत असे खासगीत मान्य करणाऱ्या २७ कैद्यांना ती चकवायला शिकवले. त्यातले २३ जण पास झाले.

उलट बाजूही पाहा. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत रशियाला गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्या तो पास झाला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. गॅरी रिजवे हा १९८४ मध्ये चाचणी पास झाला, म्हणून त्याच्यावरचा संशय कमी झाला. २००१ मध्ये डीएनएच्या आधारे तो सापडला आणि पुढे त्याने ४८ खुनांची कबुली दिली.

अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संशोधन परिषदेने २००३ मध्ये सगळे पुरावे तपासून मत दिले. एखाद्या ठरावीक घटनेबद्दल, चकवायचे न शिकलेल्या माणसांवर केलेली चाचणी निव्वळ अंदाजापेक्षा बरी आहे, पण अचूकतेपासून बरीच दूर आहे. सरसकट सगळ्यांची चाळणी लावायला ती योग्य नाही.

त्यांनी एक हिशेब मांडला होता. १०,००० कर्मचारी आहेत, त्यात १० हेर आहेत. चाचणी इतकी कडक ठेवली की १० पैकी ८ हेर सापडतील. तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निरपराध माणसेही नापास होतील. म्हणजे नापास झालेल्या साधारण दोनशे जणांत एक हेर! निरपराधांना वाचवायला चाचणी सैल केली, तर १० पैकी ८ हेर निसटतात. आजाराची लक्षणे नसलेल्या सगळ्यांची सरसकट तपासणी का करत नाही, असे पेशंट विचारतात. त्यामागेही हेच गणित असते.

मग पोलीस ती अजून का वापरतात?

लोक घाबरून बोलतात म्हणून. कीलर संशयिताला पत्त्यांतला एक पत्ता निवडायला लावून यंत्राच्या साहाय्याने तो ओळखून दाखवत असे. हेतू हा की यंत्रापासून काही लपत नाही असे समोरच्याला पटावे. तांदळाच्या दिव्यातही देवावरच्या श्रद्धेनेच तोंड कोरडे पडत होते. अशा दबावाखाली खरी कबुली मिळते, तशी खोटीही मिळू शकते.

एक बरी पद्धतही आहे. गुन्हेगारालाच माहीत असेल असा तपशील, समजा चोरलेल्या वस्तूचा रंग, इतर पर्यायांसोबत विचारायचा आणि कोणत्या पर्यायाला शरीर दाद देते ते पाहायचे. डेव्हिड लिकन यांनी १९५९ मध्ये ती मांडली आणि जपानचे पोलीस ती वापरतात. पण तपशील बातम्यांत आधीच फुटला असेल, तर तीही निकामी.

नार्को टेस्ट म्हणजे हीच का?

नाही. नार्कोमध्ये शिरेतून औषध देऊन माणसाला अर्धवट गुंगीत नेतात. त्यात भूल देण्याचे सगळे धोके असतात. पॉलिग्राफमध्ये कोणतेही औषध देत नाहीत. गुंगीत माणूस खरेच बोलेल याची मात्र खात्री नाही.

भारतात सक्ती करता येते का?

नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केले की पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि कलम २१ व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. पॉलिग्राफसाठी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे पाळायची आहेत. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. संमती दिली तरी चाचणीचा निकाल हा स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू वा माहिती सापडली, तर ती पुरावा म्हणून येऊ शकते. म्हणून 'मी निर्दोष आहे, मला काय भीती' असे म्हणून लगेच सही करू नका.

तुमच्यावर वेळ आली तर?

चाचणी तपासयंत्रणेने सुचवली असो वा मालकाने, होकार देण्याआधी वकिलाशी बोला. रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, थायरॉइड, दमा, पॅनिकचे झटके, गर्भारपण, काहीही असेल तर लेखी सांगा. या सगळ्यांचा नाडी, श्वास आणि घामावर परिणाम होतो. चालू औषधांची यादी द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी संथ ठेवतात, पण चाचणीसाठी म्हणून गोळ्या बंद करू नका किंवा वाढवू नका. त्यातला धोका चाचणीपेक्षा मोठा आहे. आणि घरात कोणी नापास झाले, तर तेवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका.

त्या रोखपालांना मी दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा बीपी मोजले. १५८ चे १३६ झाले. त्यांना म्हटले, "पाहिलंत? दहा मिनिटांत तुम्ही काही जास्त प्रामाणिक झाला नाहीत. फक्त भीती थोडी कमी झाली." तूट शोधायची तर हिशेबाच्या वह्या आणि पावत्या तपासा, असे मालकांना सांगायचे ठरवून ते घरी गेले.