मेलेल्या वळूचं वासरू आणि गोठवलेला माणूस

गेल्या भागानंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच रील पाठवलं. अमेरिकेत काही लोक मेल्यावर स्वतःला गोठवून घेतात, पुढे कधीतरी विज्ञान जागं करेल म्हणून. हे खरंय का, आणि आपल्याकडे चालतं का? आजचा भाग त्यावरच आहे. पण सुरुवात पालम तालुक्यातल्या आमच्या गोठ्यातून करतो, कारण गोठवणं म्हणजे काय ते मी पहिल्यांदा तिथंच पाहिलं.

आजोबांची लाल कंधारी गाय माजावर आली की पशुधन पर्यवेक्षक मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून यायचे. गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. बाहेर परभणीचं 43 अंशांचं ऊन, आणि झाकण उघडलं की आतून पांढरी वाफ. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश. चिमट्यानं एक बारीक कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची आणि गनमध्ये भरायची. एकदा आजोबांनी विचारलं, "वळू कुठला हाय, सायेब?" डॉक्टर म्हणाले, "बाबा, तो वळू मरून चार वर्षं झाली." आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग आमाला बी ठिवा की त्याच्यात." सगळे हसले. नऊ महिन्यांनी कालवड झाली.

अमेरिकेतल्या त्या लोकांनी हिशेब आजोबांसारखाच केला होता. तो कुठं चुकतो ते बघू.

1949 साल, लंडन. ख्रिस्तोफर पोल्ज नावाचा तरुण संशोधक कोंबड्याचं वीर्य फळातल्या साखरेत गोठवायचा प्रयत्न करत होता. काही केल्या जमत नव्हतं, आणि एक दिवस एका बाटलीनं अचानक काम केलं. तपासलं तर बाटल्यांची लेबलं बदललेली! आत साखर नव्हतीच, ग्लिसरीन होतं. हात फुटल्यावर आपण मेडिकलमधून आणतो, तेच. पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि ते पेशीला आतून फाडतात. ग्लिसरीन पेशीत शिरतं आणि हे नुकसान कमी करतं. दोन-तीन वर्षांत गोठवलेल्या रेतापासून वासरं जन्मली. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बायफ स्थापन केली, आणि पुढे बायफनं अन् सरकारी पशुसंवर्धन खात्यानं ही कांडी गावोगावी नेली.

गंमत बघा, त्याच 1967 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात जेम्स बेडफोर्ड हे 73 वर्षांचे निवृत्त प्राध्यापक कॅन्सरनं वारले आणि त्यांचा देह गोठवला गेला. गोठवलेला पहिला माणूस तो हाच. आजही तो ॲरिझोनातल्या अल्कोर संस्थेच्या टाकीत आहे.

आता चूक कुठं? त्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्रजंतू असतात. वितळवल्यावर त्यातले निम्मे पळताना दिसले की कांडी पास. म्हणजे निम्मे गेले तरी चालतं, कारण वासराला एकच पुरतो. हाच हिशेब मेंदूला लावून बघा. निम्म्या पेशी गेलेल्या मेंदूला कोण पास करणार? शिवाय कांडी पेन्सिलपेक्षा बारीक असते, थंडी एका क्षणात आत पोचते. पूर्ण देहात ती बाहेर आधी आणि आत उशिरा पोचते. मग अवयवाला तडे जातात. ते टाळायला बर्फ होऊच न देता सगळं काचेसारखं घट्ट करतात, पण त्यासाठी लागणारी रसायनं तेवढ्या प्रमाणात पेशीला विषारी ठरतात. आणि वितळवताना सगळीकडे एकसारखी ऊब द्यायची, ते तर अजूनच अवघड. 2023 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 100 दिवसांपर्यंत गोठवलेली उंदराची किडनी लोहाच्या अतिसूक्ष्म कणांनी आतून गरम केली, दुसऱ्या उंदराला बसवली आणि ती चालली. मला ही बातमी भारी वाटते, किडनीसाठी थांबलेल्या माणसांच्या दृष्टीनं तर फारच. पण अख्खा उंदीर अजून कुणी असा परत आणलेला नाही.

दुसरी अडचण जास्त साधी आहे. नायट्रोजन उडत राहतो. आमचे डॉक्टर सारखी पट्टी घालून पातळी बघायचे. ती उतरली की कांड्या संपल्या. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत रॉबर्ट नेल्सन या माणसानं असेच देह ठेवले होते. व्यवसायानं तो टीव्ही दुरुस्त करणारा. पैसे आटले, टाक्या भरल्या गेल्या नाहीत, आणि 1979 मध्ये उघड झालं की आतले देह कधीच कुजलेत. नातेवाईक कोर्टात गेले. शंभर-दोनशे वर्षं टाकी कोण भरणार, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा नीट विचारला गेला.

बरं, आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? डॉक्टरनं मृत घोषित केल्याशिवाय गोठवता येत नाही, आणि मृत घोषित केलं की कायद्यापुढे तो पेशंट उरत नाही, देह होतो. अमेरिकेत म्हणून हे देहदानाच्या कागदावर चालतं. महाराष्ट्रात देहदान 1949 च्या शरीररचना कायद्याखाली होतं, तेही शिक्षण-संशोधनासाठी, मान्यताप्राप्त संस्थेला. परत उठवायला देह राखून ठेवा, असं कलम त्यात नाही.

देशात हा वाद सगळ्यात पुढे गेला तो पंजाबात. नूरमहलचे आशुतोष महाराज यांना जानेवारी 2014 मध्ये डॉक्टरांनी मृत घोषित केलं. शिष्य म्हणाले, ही समाधी आहे, आणि देह फ्रीजरमध्ये ठेवला. त्यांचा मुलगा असल्याचा दावा करणारा एक जण अंत्यसंस्कारासाठी कोर्टात गेला. हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी अंत्यसंस्काराचा आदेश दिला, 2017 मध्ये खंडपीठानं तो फिरवून देह ठेवायला परवानगी दिली. फ्रीजरमधली थंडी नायट्रोजनच्या आसपासही नसते, पण कोर्टापुढचा प्रश्न तो नव्हताच.

मराठी घरात मात्र हा प्रश्न त्या कांडीच्याच वाटेनं आला. पुण्यातला एक मुलगा जर्मनीत शिकायला गेला, तिथं ब्रेन ट्यूमर निघाला. केमोआधी डॉक्टरांनी त्याचं वीर्य गोठवलं. 2016 मध्ये तो गेला. आईनं ते वीर्य पुण्यात आणवलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सरोगसीतून जुळी नातवंडं झाली. तेव्हा यावर कायदाच नव्हता. तो 2021 मध्ये झाला: साठवण जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि आपण मेलो तर याचं काय करायचं हे आधीच लेखी द्यायचं.

2025 मध्ये अशीच एक आई मुंबई हायकोर्टात गेली. तिचा मुलगा 21 वर्षांचा, अविवाहित, कॅन्सरनं गेलेला. त्यानं फॉर्मवर लिहिलं होतं की मी मेलो तर नमुना नष्ट करा. आईचं म्हणणं, केमोच्या धावपळीत, घरच्यांना न विचारता भरलेला तो फॉर्म. माझं मत विचाराल तर मुलानं लिहिलेलं पाळावं. पण हे मी त्या आईसमोर बसून म्हणू शकेन असं वाटत नाही.

जूनमध्ये कोर्टानं नमुना ठेवलेल्या फर्टिलिटी सेंटरला सांगितलं, सुनावणी होईपर्यंत नमुना सुरक्षित ठेवा.