पुस्तकांसाठी घरपट्टी

कोलन वर्गीकरणामुळे रंगनाथन हे नाव आम्हा संगणकवाल्यांच्या कानावर असतं. पण त्यांची चिकाटी बघायची तर मद्रास ग्रंथालय संघाकडे बघावं. १९२८ साली संघ निघाला, हे त्याचे चिटणीस. १९३१ मध्ये संघानंच त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री छापली. त्याच साली मन्नारगुडीच्या आसपास पुस्तकं चक्क बैलगाडीतून गावोगाव फिरू लागली!

पण वाचनालय कुणाच्या मर्जीवर चालू नये, त्याला कायदा हवा, हा संघाचा हेका. तो कायदा यायला १९४८ उजाडलं. घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसला, पुस्तकांना हक्काचा पैसा मिळाला.

आपल्या कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला होता. मात्र महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात हा करच नाही. सारी भिस्त अनुदानावर. ते रखडलं की आधी ग्रंथपालाचा पगार रखडतो.