मेंढी व शेळी विकास महामंडळ, महाराष्ट्र : आरंभीचा काळ

राज्यातील मेंढ्या-शेळ्यांची जात सुधारावी आणि त्या पाळणाऱ्यांना आधार मिळावा, यासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली शासकीय कंपनी. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी’ हे नाव तिला पुढे जोडले गेले. मुख्यालय पुण्यात गोखलेनगर येथे असून तो परिसर ‘मेंढी फार्म’ म्हणूनच ओळखला जातो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्राची मुख्य मेंढी दख्खनी, बहुधा काळी, काटक, खुरट्या गवतावर तगणारी. धनगर मेंढके पावसाळा माणदेशासारख्या अवर्षणी गावांत काढतात आणि पुढे चाऱ्याच्या शोधात कळप घेऊन बाहेर पडतात. वाटेत शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे मिळतात. मेंढ्या ओढ्यावर धुऊन वर्षातून दोनदा कातरणी होते. ही लोकर जाडीभरडी. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावून सणगर घोंगडी विणतात. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे घोंगडीचा खप घटला. लोकर मऊ व्हावी म्हणून शासकीय प्रक्षेत्रांवर मेरिनो, रॅम्बुले अशा विदेशी नरांशी संकर करून पाहिले. पण रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात संकरित मेंढी टिकेना, म्हणून मेंढक्यांनी ती फारशी स्वीकारली नाही. मेंढपाळाची मिळकत लोकरीवरून मांसाकडे सरकली.

रचना : पशुसंवर्धन खात्याची मेंढी-शेळी प्रक्षेत्रे महामंडळाकडे आली. रांजणी, महूद, दहिवडी, पडेगाव, तीर्थ, अंबाजोगाई, मुखेड, बिलाखेड, पोहरा आणि बोंद्री ही ती दहा ठिकाणे. पैदाशीसाठी जातिवंत नर, माद्या आणि पाळणाऱ्यांना प्रशिक्षण पुरवणे, हे त्यांचे मुख्य काम. मात्र प्रक्षेत्र एका जागी आणि मेंढका सदा वाटेवर. ही अडचण सुरुवातीपासूनच होती.

भंडारा जिल्हा : दहापैकी भंडाऱ्याला सर्वांत जवळचे प्रक्षेत्र बोंद्री, नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यात. महामंडळ स्थापन झाले तेव्हा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. वैनगंगेचा हा मुलूख भाताचा आणि मालगुजारी तलावांचा. पाऊस भरपूर, बांध्यांत चार महिने पाणी. अशा चिखलात मेंढीचे खूर सडतात, आणि पाणथळीतल्या गोगलगायींमार्फत पसरणारा पर्णकृमी तिचे यकृत पोखरतो. त्यामुळे येथे दख्खनसारखी मेंढपाळी रुजली नाही. विदर्भातले मेंढरांचे कळप मुख्यत्वे चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार आणि कच्छहून आलेले रबारी यांचे. भंडाऱ्याच्या भूमिहीन घरात मात्र दावणीला दोन-चार शेळ्या असतात. आजारपण, लग्न वा शाळेची फी आली की त्यांतला एखादा बोकड बाजारात जातो.

मूल्यमापन : महामंडळाच्या नावात मेंढी आधी येते; भंडाऱ्यात काम पडते ते शेळीशी. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचली गेली आणि गावाला जातिवंत बोकड मिळाला, तरच १९७८ च्या त्या स्थापनेचा उपयोग वैनगंगेच्या काठापर्यंत पोचला असे म्हणता येईल.