चार पाट्या, दुकानं दोनच

बिझनेस क्लास श्रीमंतांच्या हौसेतून आला, असं वाटतं ना? खरं तर तो आला स्वस्त तिकिटामुळे.

१९७७ मध्ये फ्रेडी लेकर यांनी लंडन–न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' सुरू केली. लंडनहून जायचं भाडं फक्त ५९ पौंड! मोठ्या कंपन्यांनाही भाडी उतरवावी लागली. मग पूर्ण पैसे मोजणारा व्यापारी कुरकुरू लागला : शेजारचा इतक्या कमी पैशात बसलाय, मग मला वेगळं काय? १९७८ मध्ये पॅन ॲमने त्याच्यासाठी 'क्लिपर क्लास' काढला. १९८४ मध्ये व्हर्जिन 'अप्पर क्लास' घेऊन उतरली. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेजने तर सपाट पलंगच दिला.

आज? ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन यांना २०१० मध्ये, व्हर्जिन आणि डेल्टा यांना २०१३ मध्ये अटलांटिकवर एकत्र धंदा करायला सरकारी परवानगी मिळाली. जोडीतले दोघं भाडं मिळून ठरवू शकतात, कमाई वाटून घेतात. म्हणजे पाट्या चार, दुकानं दोनच. बाहेर उरतात युनायटेड आणि २०२१ मध्ये आलेली जेटब्लू.

सीट, जेवण, लाउंज यांची तुलना जरूर करा. पण आधी गल्ला कुणाकुणाचा एक आहे, ते बघा. वडाप असो की विमान, शेजारी दुसरी गाडी उभी असली तरच पहिलीवाला प्रवाशाला विचारतो!