प्रमाण कोणाच्या रक्ताचें?

हिंगोली जिल्ह्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचें धरण आहे. त्यांतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात. ती सपाटी सर्वांस एकच असल्यामुळें आंकड्याविषयीं वाद उरत नाहीं. त्याच धरणाकांठची एखादी स्त्री आपलें रक्त तपासून घेते, तेव्हां हातीं पडलेल्या कागदावर तिच्या हिमोग्लोबिनच्या आंकड्याशेजारीं दुसरा एक आंकडा छापलेला असतो. त्यास आपण ‘नॉर्मल’ म्हणतों. रक्ताची ही सपाटी कोणाच्या रक्तावरून ठरली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

रीत अशी कीं, निरोगी माणसें निवडावयाचीं, त्यांचें रक्त मोजावयाचें, आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के ज्या कक्षेंत बसतील, ती प्रमाण मानावयाची. म्हणजे निरोग्यांतलेहि शेंकडा पांच जण तिच्याबाहेर राहावयाचेच. परंतु खरी मेख ‘निरोगी’ या शब्दांत आहे. १९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रक्तक्षयाच्या मर्यादा सांगितल्या: दर १०० मिलिलिटर रक्तांत पुरुषास १३, स्त्रीस १२ व गर्भवतीस ११ ग्रॅम. त्यांचा आधार मुख्यत्वें पाश्चात्त्य लोकांचा होता. तें माप आमच्यांतील निरोग्यासहि रोगी ठरवील, ही शंका रास्तच आहे. उलट, अर्धपोटीं समाजाची सरासरी हेंच त्याचें प्रमाण मानिलें, तर उपासमारीलाच प्रकृतीचें नांव मिळेल.

या दुसऱ्या मोहांतून सुटण्याचा मार्ग मुंबईनें पूर्वींच दाखविला आहे. १९२८ पासून ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीनें परळच्या हाफकिन संस्थेंत राहून गरीब गिरणी-कामगार स्त्रियांना गर्भारपणीं होणाऱ्या रक्तक्षयाचा शोध चालविला. येथील स्त्रियांचें रक्तच असें, म्हणून ती थांबली नाहीं. तिनें त्यांच्या ताटांत काय पडतें तें पाहिलें. यीस्टच्या अर्कानें हा रोग हटतो, हें तिनें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. ज्या द्रव्याचा हा गुण, त्यास फॉलिक ॲसिड हें नांव १९४१ मध्यें पालकाच्या पानांवरील संशोधनांतून मिळालें.

पहिल्या शंकेचें उत्तर त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनीं मिळूं लागलें. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण-पाहणींतून ज्या मुलामुलींना लोह, फॉलेट वा बी-१२ यांची वाण नव्हती, तीं निवडून १ ते १९ वर्षांचें भारतीय प्रमाण काढण्यांत आलें. तें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. तें बहुतेक वयांत जागतिक आंकड्याहून १ ते २ ग्रॅमनीं खालीं आहे. त्या मापानें रक्तक्षयी मुलांचा आंकडा शेंकडा ३० वरून सुमारें ११ वर येतो. तथापि २०२४ च्या जागतिक मार्गदर्शनांत प्रौढ पुरुषाचे १३ व स्त्रीचे १२ हे आंकडे कायमच आहेत.

आमच्या मतें येथें विवेक एवढाच कीं, धाल्या पोटाच्या माणसांवरून काढलेलें खालचें प्रमाण हें ज्ञान होय. भुकेल्यांच्या सरासरीवरून काढलेलें, ही केवळ शरणागती. धरणाकांठच्या त्या स्त्रीचा आंकडा साडेअकरा निघाला, तर कागदावरील छापील मजकूर तिला दोषी ठरवील. त्या वेळीं तिला गोळी देण्यापूर्वीं व घरीं पाठविण्यापूर्वींहि एक प्रश्न विचारणें अवश्य आहे: बाई, काल जेवणांत काय होतें?